ठोका चुकतो तेव्हा

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द तसेच ठेवले आहेत.)



समितीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, छातीतल्या धडधडीवर बोलतो. समितीतली तरुण पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दरवर्षी आम्ही शिक्षण, संघटन, आरक्षण यावर बोलतो. गिरणीच्या प्रश्नावर तर झोपेतून उठवलं तरी तासभर बोलू. मग हे मध्येच काय काढलं? तर मंडळी, त्याला कारण आहे. २०२० च्या पावसाळ्यापासून आम्ही एका भीतीबरोबर राहतो आहोत आणि ती आम्ही बाहेर कुणाला सांगितली नाही. मोर्चात पुढे चालणाऱ्या माणसाने "मला रात्री भीती वाटते" हे कोणत्या तोंडाने सांगायचं? पण गेल्या वर्षभरात वस्तीतल्या तिघा-चौघांनी आम्हाला बाजूला घेऊन, हळू आवाजात, हेच सांगितलं. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच. म्हणून आज माईकवर बोलायचं ठरवलं.

आम्ही तीस वर्षं रिंग खात्यात काढली. त्या खात्यात शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. ओठ बघून आणि हातवारे करून बोलायचं. तिथे स्वतःचं काळीज कुणाला ऐकू येणार? मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, गिरणी बंद झाली, ती पुन्हा चालू झालीच नाही. घरी बसलो. रातपाळीची सवय लागलेलं शरीर रात्री टक्क जागं, आणि बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशाच एका रात्री डाव्या कुशीवर पडलो होतो. ठक, ठक, ठक, आणि मग काहीच नाही. एक रिकामी जागा. आणि लगेच आतून कुणी दार ढकलावं तसा एक धाडकन ठोका. उठून बसलो. घाम आला. पुन्हा तसंच. त्या रात्री आम्ही मनगट धरून बसलो ते सकाळी नळाला पाणी आलं तेव्हाच सोडलं.

भाषणात "आम्ही, आम्ही" म्हणायची आम्हाला चळवळीतली सवय आहे. पण रात्री अडीच वाजता नाडी धरून बसलेला माणूस एकटाच असतो, हे तेव्हा कळलं.

जवळच्या एका डॉक्टरांकडे गेलो. ते दिवस कोरोनाचे, डॉक्टर लांबूनच बोलायचे. कार्डिओग्राम काढला, चांगला आला. "काही नाही, टेन्शन घेऊ नका." आता टेन्शन काय दुकानातून आणतो का आपण, की घेऊ नका म्हटलं की परत करायचं? पुढे समजलं ते असं, की साधा कार्डिओग्राम हृदयाची जेमतेम दहा सेकंद टिपतो. त्या दहा सेकंदांत ठोका शहाण्यासारखा वागला तर कागद चांगला येणार. आम्ही घरी आलो, आणि जिना चढताना पुन्हा सुरू. मग मनात आलं, डॉक्टर लपवतात तरी, नाहीतर त्यांना कळत तरी नाही.

२०२१ साली दुसऱ्या लाटेत घरोघर ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. मुलीने आईसाठी आणलं आणि वापरलं आम्ही. दिवसाला वीस वेळा, तीस वेळा. एका रात्री त्यात नाडीचा आकडा आला ४४. पुन्हा लावलं, ४३. आम्ही मुलीच्या आईला उठवलं आणि बँकेचं पासबुक कुठे आहे, फंडाचे कागद कुठे आहेत, ते सांगायला लागलो. त्या माउलीने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मरणारा माणूस एवढं नीट बोलतो का?" पण चेहरा तिचाही पांढरा पडला होता.

यापुढचं सांगायला जड जातं, तरी सांगतो. गावाकडून भावजय आली होती. तिने कुठल्यातरी बाबाकडून मंतरलेला काळा दोरा आणला. याच विहारात उभं राहून आम्ही देवऋषी, अंगारा, गंडे-दोरे यांच्याविरुद्ध किती बोललो आहोत! २०१३ साली जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आहेत. बावीस प्रतिज्ञा लहान मुलांकडून म्हणून घेतल्या आहेत. आणि त्या रात्री आम्ही तो दोरा दंडाला बांधला. बाहीच्या आत, कुणाला दिसू नये म्हणून. आठ दिवस बांधला. ठोके काही थांबले नाहीत. आठव्या दिवशी बनियन बदलताना मुलीने पाहिला. ती काही रागावली नाही. नुसतं म्हणाली, "पप्पा, हे काय?" त्या दोन शब्दांनी जी लाज वाटली ती कुठल्या भाषणाने वाटली नसती. तिनेच कात्रीने कापला आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. कायद्याच्या बाजूने सह्या गोळा करणारा माणूसही भीती वाटली की कुठे जातो, ते आम्ही स्वतःवरून सांगतो आहोत. दुसऱ्याच्या दंडावर दोरा दिसला तर आता आम्ही आधी त्याला विचारतो, "झोप लागते का रे?"

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. किती दिवसांपासून, कोणत्या वेळी, चालताना की बसल्यावर, कधी चक्कर येऊन पडलात का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, लहानपणी सांधे सुजून ताप येत होता का. मग रक्त तपासलं. रक्त कमी आहे का, थायरॉईड आहे का, पोटॅशियम कमी झालंय का. कारण या तिन्हीने धडधड होते. जुलाब-उलट्या जास्त झाल्या तरी शरीरातलं पोटॅशियम उतरतं. मग सोनोग्राफीसारखा इको काढला, त्यात हृदयाचे कप्पे, झडपा, पंपाचा जोर दिसतो. आणि शेवटी चोवीस तासांचं होल्टर लावलं. छातीला चिकटवलेल्या तारा आणि कमरेला एक डबी. अंघोळ करायची नाही, बाकी रोजची कामं करायची, आणि काही जाणवलं की वेळ लिहून ठेवायची. अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांनी १९४० नंतरच्या दशकात हे यंत्र काढलं तेव्हा ते पाठीवर बांधून वाहावं लागे, वजन ३८ किलोच्या आसपास. आज ते खिशात मावतं.

रिपोर्ट आला. चोवीस तासांत एकूण ठोके १ लाख ४ हजार. त्यातले जादा, वेळेआधी आलेले ठोके ३ हजार १००. आम्ही म्हटलं, संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शंभरात तीन. आणि तुमच्या वहीत तुम्ही लिहिलेत एकोणीस. म्हणजे तीन हजारांतले बाकीचे तुम्हाला कळलेसुद्धा नाहीत. ते आले आणि गेले."

मग त्यांनी जे समजावलं ते आम्ही गिरणीच्या भाषेत सांगतो. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक छोटी जागा आहे, ती भोंगा वाजवते. स्वस्थ बसलेल्या माणसात मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा. भोंगा झाला की सगळं खातं एकदम चालू. पण कधी कधी खात्यातला एखादा आगाऊ कामगार भोंग्याआधीच साचा सुरू करतो. तो झाला जादा ठोका. तो लवकर येतो म्हणून हृदयात रक्त पुरतं भरलेलं नसतं, ठोका कमजोर पडतो, मनगटापर्यंत पोचतही नाही. त्यानंतर पुढच्या भोंग्यापर्यंत जरा जास्त वेळ जातो, ती आपल्याला वाटणारी रिकामी जागा. त्या वेळात हृदय जास्त भरतं, म्हणून पुढचा ठोका जोरात बसतो, तो धाडकन. म्हणजे आपल्या मराठीत "काळजाचा ठोका चुकला" म्हणतात ना, तो चुकलेला नसतो. तो आगाऊपणाने लवकर आलेला असतो.

आणि त्या रात्रीचा ४४ आकडा? तेव्हा एक ठोका खरा आणि एक आगाऊ, असं चाललं होतं. आगाऊ ठोके बोटापर्यंत पोचले नाहीत. यंत्राने निम्मेच मोजले. हृदय ८८ ने चाललं होतं आणि आम्ही पासबुक शोधत होतो.

निरोगी माणसांनाही असं चोवीस तास यंत्र लावून पाहिलं तर पुष्कळांमध्ये असे जादा ठोके सापडतात. हृदयाची रचना चांगली असेल तर बहुतेकांना त्यापासून धोका नसतो. जादा ठोके शंभरात दहाच्या वर जायला लागले तर मात्र डॉक्टर लक्ष ठेवतात, कारण वर्षानुवर्षं तसं राहिलं तर काहींचा पंप कमजोर होऊ शकतो. त्यावर औषध आहे, उपचार आहे. आम्हाला त्यांनी गोळी दिली नाही. तंबाखू सोडा, चहा कमी करा, रात्रीची झोप जुळवा, रोज चाला, आणि वर्षाने पुन्हा या, एवढंच. ज्यांना गोळी दिली आहे त्यांनी ती मनाने सोडू नये, आणि शेजाऱ्याची मागून घेऊ नये. ठोक्याच्या काही गोळ्या दमेकऱ्याला घातक असतात.

चहा सहावरून दोनवर आला. तंबाखू सुटायला दीड वर्ष लागलं, मध्ये दोनदा पुन्हा धरली. ते एवढ्यावरच ठेवतो, कारण समोर आमचे पुडीचे जोडीदार बसले आहेत आणि ते हसायला लागलेत.

आता खरी गोष्ट. तुम्ही म्हणाल रिपोर्ट चांगला आला, मिटलं. नाही मिटलं! पंधरा दिवस बरे गेले. सोळाव्या दिवशी मन म्हणालं, तो रिपोर्ट त्या दिवसाचा होता, आजचं काय? पुन्हा बोट मनगटावर. भीती वाटली की शरीर संकटाच्या तयारीला लागतं, रक्तात ॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात पळतं आणि आगाऊ ठोके वाढतात. ठोके वाढले की भीती वाढते. साच्यावर एक धागा तुटला तर सांधता येतो. पण कामगार घाबरून सगळ्या धाग्यांना हात लावत सुटला तर सगळा साचाच उभा राहील. आम्ही तेच करत होतो.

मग आम्ही म्हटलं, आपण बौद्ध आहोत, ध्यान करू. आनापान करायला बसलो. लक्ष श्वासावर ठेवायचं तर ते दोन मिनिटांत घसरून काळजावर जाऊन बसायचं. ध्यान कसलं, ती पहारेदारीच झाली! तीन दिवसांत आधीपेक्षा वाईट अवस्था. हे मुद्दाम सांगतो, कारण "ध्यान करा, सगळं बरं होतं" असं आपल्यात सरसकट सांगतात. भन्तेजींना हे सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "बसू नका, चाला. चंक्रमण करा. लक्ष तळपायावर ठेवा. टाच टेकली, चवडा टेकला, पाय उचलला. ठोका आला तर आला म्हणा आणि पुढचं पाऊल टाका." तेव्हापासून सकाळी या विहाराच्या आवारात आम्ही फेऱ्या मारतो. लोकांना वाटतं आम्ही भाषणाची तयारी करतो.

त्या वेळी भन्तेजींनी संयुत्तनिकायातलं सल्लसुत्त समजावलं. भगवान बुद्ध सांगतात, माणसाला एक बाण लागतो, तो शरीराच्या दुःखाचा. तो शहाण्यालाही लागतो, अडाण्यालाही लागतो. पण अडाणी माणूस शोक करतो, ऊर बडवतो, आणि त्या जखमेच्या जोडीला त्याला दुसरा बाण लागतो, तो मनाचा. ज्याला धम्म कळला त्याला एकच बाण लागतो. आम्ही हे सुत्त पूर्वी वाचलं होतं. वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. आता हिशेब करून पाहिला. आगाऊ ठोका किती वेळाचा? एक-दोन सेकंदांचा. आणि त्याच्यापायी आम्ही जागलो किती? रात्रच्या रात्र. पहिला बाण एवढुसा आणि दुसरा भाल्याएवढा, आणि तो मारणारे आम्हीच. तथागतांनी पहिला बाण लागतच नाही असं कुठे सांगितलेलं नाही, हे आम्हाला फार पटतं. खोटं आश्वासन दिलं असतं तर त्या काळ्या दोऱ्यात आणि धम्मात फरक काय राहिला असता?

इथे एक चूक आम्ही केली, ती तरुणांनी करू नये. आम्ही स्वतःला बाबासाहेबांचं उदाहरण देत राहिलो. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या, झोप नव्हती, तरी राज्यघटनेचं काम केलं, १९५६ मध्ये धम्मदीक्षा दिली, "बुद्ध आणि त्यांचा धम्म" लिहून पुरा केला आणि तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये छापून आला. मग आपल्यासारख्याने एवढ्याशा ठोक्यासाठी दवाखान्यात जायचं? असं म्हणून आम्ही वर्षभर तपासणी टाळली. पण बाबासाहेब औषधोपचार घेत होते, हे आम्ही सोयीने विसरलो. १५ एप्रिल १९४८ रोजी ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांनी बाबासाहेबांची शुश्रूषा केली. तथागतांच्या काळीही भिक्खू संघाला जीवक वैद्य होताच. दुखणं अंगावर काढणं ही काही चळवळ नव्हे.

आणि आता जे सांगतो ते भगिनींनी विशेष ऐकावं, कारण घरात दुखणं सगळ्यात जास्त तुम्हीच अंगावर काढता. धडधड होते म्हणून प्रत्येक वेळी मनाचाच खेळ समजू नका. आमच्याच खात्यातले एक जोडीदार. छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं. "गॅस आहे" म्हणाले, सोडा प्याले, पंख्याखाली बसले. घामाने सदरा भिजला होता. टॅक्सी येईपर्यंत गेले. आमची भीती वाजवीपेक्षा जास्त होती आणि त्यांची वाजवीपेक्षा कमी. छातीत दाब, तो दाब डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, थंड घाम, दम लागणं, शुद्ध हरपणं, यातलं काही असेल तर १०८ ला फोन करा, विचार करत बसू नका. चालताना किंवा जिना चढताना धडधड वाढून चक्कर येत असेल, घरात कुणी तरुण वयात झोपेत गेलं असेल, तर लवकर दाखवा. नाडी एखादा ठोका सोडून पुन्हा तालावर न येता सतत वेडीवाकडी, कसलाच ताल नसल्यासारखी पळत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन पुढे लकवा मारू शकतो, त्याला रक्त पातळ करणारं औषध लागतं. लहानपणी सांधेसुजीचा ताप येऊन गेलेल्यांच्या झडपा खराब असू शकतात, त्यांनी तर नक्की तपासून घ्यावं. रक्त कमी असलेल्या बायकांना, पाळी जायच्या वयातल्या बायकांना धडधड होते, आणि घरातले म्हणतात "हिला कामाचा कंटाळा". असं म्हणणाऱ्याला एकदा होल्टर लावून बायकोच्या वाट्याचं पाणी भरायला लावलं पाहिजे!

मनाच्या भीतीसाठी डॉक्टरकडे जायलाही लाजू नका. शासनाची टेलिमानस नावाची फोनसेवा २०२२ मध्ये सुरू झाली, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आम्ही एकदा रात्री लावला होता. पलीकडच्या मुलीने आमच्याकडून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं म्हणवून घेतली. आम्ही म्हटलं हा काय पोरखेळ, पण पाचव्या वस्तूपर्यंत धडधड उतरली होती.

घरच्यांविषयी एकच सांगतो. विनयपिटकात कथा आहे, अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता, बाकीचे त्याच्याकडे बघत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतलं. भीतीने पछाडलेल्या माणसालाही कुणीतरी तसंच हाताळावं लागतं. मुलीच्या आईने आम्हाला कधी "घाबरट" म्हटलं नाही आणि रोज नाडीही बघू दिली नाही. मनगटाकडे बोट गेलं की ती हातात लसणाची पाकळी द्यायची, सोला म्हणून. आमच्या घरात दोन वर्षांत जेवढा लसूण सोलला गेला तेवढा एखाद्या खानावळीत सोलला जात नसेल.

ठोके बंद झाले का, असं विचाराल तर नाही. आता बोलतानासुद्धा दोनदा आले. एकदा बाबासाहेबांचं नाव घेताना आणि एकदा त्या जोडीदाराची आठवण काढताना. गेल्या महिन्यात एक रात्र अशीच जागून काढली, तेही खरं. पण पूर्वी महिन्यात वीस रात्री जायच्या.

रविवारच्या वंदनेनंतर आम्ही विहाराच्या पायरीवर बसलेले असतो. ज्या कुणाला हे बोलायचं असेल त्याने यावं, गर्दीत लाज वाटत असेल तर मागून यावं. ते ऑक्सिमीटर आम्ही विहाराच्या औषधपेटीत जमा केलं आहे, कुणाला दम्याला, तापाला लागलं तर न्यावं. पेटीची चावी महिला मंडळाकडे आहे, आणि ती आम्हाला मात्र द्यायची नाही असा मंडळाचा ठराव झालेला आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!